परक्या हातचा चहा

चहाच्या दुकानांचा इतिहास लिहिणे हे इतिहासाच्या प्राध्यापकाचे काम नव्हे, असे माझे एक सहाध्यापक परवा मला म्हणाले, आणि म्हणाले तेही महाविद्यालयाच्या उपाहारगृहात बशीतला चहा फुंकीत असताना! तह, लढाया, सनदा आणि महजर यांतून जे हाती लागते तोच इतिहास, अशी त्यांची दृढ समजूत आहे. मी त्या वेळी वाद घातला नाही. परंतु आम्ही दोघे ज्या टेबलाशी बसलो होतो त्याच टेबलाशी एक आमचा शिपाई, एक मुसलमान विद्यार्थी आणि एक परगावचे पाहुणे बसले होते. पाचही जणांचा चहा एकाच किटलीतून आला होता, आणि कोणी कोणास जात विचारली नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट या महाराष्ट्रात घडती, तर तिच्यावर खटला चालला असता. चालला असता असे तरी का म्हणावे? चाललाच होता. त्याची हकीकत पुढे येईल.

मी कात्रप येथे राहतो. बदलापूर स्थानकाच्या पूर्वेकडील हे एके काळचे भातशेतीचे गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीत येऊन चाळी, इमारती आणि दुकाने यांनी भरून गेले आहे. तरी अजूनही उंचशा गच्चीवर उभे राहिले म्हणजे मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची डोंगरांची ओळ दिसते, आणि तिच्याच पुढच्या टोकाला माथेरान आहे. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी मुंबईकडची मंडळी गाड्या भरभरून या बाजूस येतात. कोणी कोंडेश्वराच्या धबधब्यास जातो, कोणी बारवी धरणाकडे, आणि बहुतेक जण नेरळास उतरून माथेरानची वाट धरतात. कोठेही उतरले तरी पहिला शोध चहाचा! अलीकडे तर आमच्या कात्रपमध्येही गाद्यांच्या खुर्च्या, मंद दिवे आणि भिंतीवर पुस्तकांची फळी असलेली कॉफीची दुकाने निघाली आहेत. तेथे तरुण मंडळी तास तास बसतात. परक्याने उकळलेले पेय परक्यांच्या शेजारी बसून प्यावे, ही गोष्ट त्यांस श्वासोच्छ्वासाइतकी स्वाभाविक वाटते. ती स्वाभाविक कशी झाली, एवढाच माझा प्रश्न आहे.

चहा या देशात मुळी नवा नव्हता. ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेस आला होता; तेथील लोक चहा पितात, आणि त्यात मसाले व लिंबू घालून दुखण्यावर औषध म्हणूनही घेतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. पण औषध निराळे आणि पाहुणचार निराळा. आपल्याकडे दारी आलेल्यास गूळपाणी देण्याची चाल होती, आणि ते पाणी कोणी कोणाचे घ्यावे याचे नियम लहान मुलासही पाठ असत. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आसामात मळे निघाले. तथापि तो चहा आगबोटीत बसून विलायतेस जाई. येथल्या माणसाने तो प्यावा, याची मळेवाल्यांना कित्येक वर्षे फिकीरच नव्हती.

त्या नियमांना पहिला धक्का चहाने नव्हे, आगगाडीने दिला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा रस्ता सुरू झाला, पुढच्याच वर्षी तो कल्याणास पोहोचला, आणि १८५६ साली आमच्या बदलापुरावरून नेरळ-खोपोलीपर्यंत गाडी धावू लागली. या गावाचे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले असे येथील लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वाटसरूंचे थांबण्याचे ठिकाण ही त्याची आठवण तीत राहिली आहे. पूर्वीचा वाटसरू आपल्या जातीची धर्मशाळा किंवा ओळखीचे घर पाहून थांबे. आगगाडी मात्र तिला वाटेल तेथे, आणि तिला वाटेल तितकाच वेळ थांबे. बाकावर शेजारी कोण येऊन बसेल हे तिकीटघराच्या हाती! सोवळी मंडळी घरून दशमी बांधून नेत, कारण दुधात भिजविलेल्या पिठास प्रवासात विटाळ लागत नाही अशी समजूत होती. आता माझा एक तर्क सांगतो. तो कोणी शास्त्रार्थ समजू नये. चहा हा धड अन्नही नव्हे आणि धड पाणीही नव्हे. तो उकळलेला असतो, त्यात दूध असते, तो डोळ्यांदेखत होतो आणि उभ्या उभ्या संपतो. स्मृतिकारांनी त्याचे नाव कधी ऐकलेले नव्हते. दशमीला जी पळवाट मिळाली होती तिच्यातूनच पुष्कळांनी चहा हळूच आत घेतला असावा.

परंतु पुण्यात ही पळवाट चालली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर निमंत्रितांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळी सामान्य नव्हती. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते, टिळक होते. कोणी चहा प्याले, कोणी घोट घेतला, कोणी पेला पुढ्यात तसाच ठेविला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली, आणि मग ग्रामण्य उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांकडे गेली. त्यांच्या वतीने पुण्यात चौकशी झाली, साक्षी झाल्या, वकिली युक्तिवाद झाले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्या सुधारक मित्रांनीच त्यांच्यावर टीकेचा वर्षाव केला. या प्रकरणाने त्या घराला किती मनस्ताप दिला, हे रमाबाईंच्या आठवणी वाचणाऱ्यास सांगावयास नको.

या प्रकरणाला हसणे आज फार सोपे आहे. मी मात्र विद्यार्थ्यांना ते शिकविताना हसू देत नाही. त्या चौकशीत चहा हा पदार्थ आरोपी नव्हताच. आरोपी होता तो देणारा हात, आणि जेथे तो घेतला ती वास्तू. रानड्यांसारख्या न्यायाधीशाला जर एका पेल्यासाठी इतके द्यावे लागले, तर सामान्य माणसाची काय कथा? शिवाय दुसरी गोष्ट अशी की, या सगळ्याचे मूळ एका छापलेल्या यादीत होते. पाहणारे आणि सांगणारे डोळे नसते तर तो चहा पोटात जिरून गेला असता. शहराच्या मध्यभागी, ओळखीच्या चार डोळ्यांसमोर प्यालेला चहा आणि अनोळखी डोंगरावर प्यालेला चहा यांत जो फरक आहे, तो येथे ध्यानात येतो. म्हणून आता डोंगराकडे वळू.

माथेरान हे इंग्रजांनी वसविलेले गाव. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने या डोंगरावर चढले, आणि गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात तेथे बंगले उठू लागले. अर्थात त्यापूर्वी डोंगर निर्जन होता असे नव्हे. ठाकर, कातकरी, धनगर हे तेथले खरे जुने रहिवासी, ज्यांना कोणी 'शोधून काढले' नाही. पुढे पन्नास वर्षे पाहुणे मंडळी नेरळाहून घोड्यावर, डोलीत किंवा पायी वर जात. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सुमारे सोळा लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी वर नेली. सुमारे वीस किलोमीटरांचा तो रस्ता इतका वळणावळणांचा आहे की, गाडीतला माणूस उतरून पायवाटेने गाडीच्या पुढे जाऊन उभा राहील की काय असे वाटते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी त्या रस्त्यावरची स्थानके. २००५ सालच्या जुलैतील अतिवृष्टीने हा मार्ग वाहून गेला. तो १९०७ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००७ साली, पुन्हा सुरू झाला.

त्या मुक्कामांवर गाडीला घाई नसते, आणि ज्या गाडीला घाई नाही तिच्याभोवती चहा आपोआप उगवतो. वर गेल्यावर तर मोटारीस मज्जाव; सगळे चालणे तांबड्या मातीतून. एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावयाचे म्हणजे वाटेत दोनदा तरी बसावे लागते. म्हणून माथेरानास चहाची दुकाने ही करमणूक नसून पायांची गरज आहे. मी विद्यार्थिदशेपासून तेथे जात आलो आहे, आणि एक गोष्ट मला नेहमी विस्मयकारक वाटत आली आहे. अशा थंड हवेच्या गावांत राहण्याची सोय बहुधा जातवार असे: पारशांची आरोग्यभुवने निराळी, गुजराती मंडळींची निराळी, आपल्या लोकांच्या खाणावळी निराळ्या. स्वयंपाकी बरोबर नेणारी कुटुंबेही पुष्कळ होती. रात्री प्रत्येक जण आपापल्या जातीत निजावयास जाई. पण संध्याकाळी पॅनोरमा पॉइंटावर किंवा लुइझा पॉइंटावर वारा सुटला, आणि झापाच्या आडोशाने कोणी चूल पेटविली, की त्या चुलीपुढची माणसे एकत्र होत. चहा करणारा कोण, हे तेथे कोणी विचारीत नसे. विचारण्याजोगा दुसरा चहाच नव्हता! सनातनीपणाला पर्याय लागतो. जेथे एकच किटली आहे तेथे तो फार वेळ टिकत नाही.

शहरात अशी दुकाने येण्यास आणखी दोन कारणे झाली. पहिले कारण म्हणजे मळेवाल्यांची गरज. विलायतेतला भाव घसरू लागल्यावर त्यांना येथल्या तोंडांची आठवण झाली. १९०३ साली त्यांच्याच मागणीवरून सरकारने निर्यात चहावर उपकर बसविला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, कारखाने आणि रेल्वेस्थानके येथे किटल्या पोहोचल्या. ज्यांना स्वदेशीची चाड होती त्यांनी या प्रसाराचा तिटकारा केला. गांधीजी चहाच्या विरुद्ध होते, आणि आसामच्या मळ्यांतील मजुरांचे हाल पाहता तो विरोध केवळ पथ्यापुरता नव्हता, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. स्थानकांवर पाण्याप्रमाणे चहाचीही 'हिंदू' आणि 'मुसलमान' अशी वाटणी होती. म्हणजे आगगाडीने ज्यांना एका बाकावर बसविले त्यांना फलाटावरच्या किटलीने पुन्हा दोन बाजूंना केले.

दुसरे कारण इराणी. यज्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे झरथुष्ट्री मुंबईस आले, त्यांनी कोपऱ्यावरची दुकाने घेतली. हिंदू व्यापारी कोपरा अशुभ मानीत, म्हणून ती त्यांस स्वस्तात मिळाली असे सांगतात. धोबीतलावाचे कयानी १९०४ सालचे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरणीत बिस्किटे, आणि पाण्यासारखा नव्हे तर 'पानी कम' असा दाट चहा. इराण्याचे महत्त्व त्याच्या ब्रून-मस्क्यात नाही. तो वर्णव्यवस्थेच्या शिडीवर कोठेच उभा नव्हता, म्हणून त्याच्या हातचे घेतल्याने कोणी वर चढत नसे आणि त्या हिशेबाने खाली उतरल्याचेही मनास लागत नसे. त्याला स्वतःला तर गिऱ्हाइकाची जात कळत नसे आणि कळून घेण्याची इच्छाही नसे. त्याला आणे कळत. पडदे लावलेल्या 'फॅमिली रूम'मुळे बायकांनाही तेथे पाऊल टाकता येऊ लागले. पडद्याआड का होईना, परक्या पुरुषाच्या दुकानात बसून चहा पिणारी मध्यमवर्गीय स्त्री ही मराठी समाजात नवीच होती.

पुण्याने अर्थात आपल्या स्वभावास साजेसा मध्यम मार्ग काढला. राजस्थानकडून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी पातेल्यात वेलदोडा-आले घालून जो चहा विकण्यास आरंभ केला, त्यास 'अमृततुल्य' असे संस्कृत नाव मिळाले. सोन्या मारुती चौकातील आद्य दुकान १९२४ सालचे म्हणतात. चहा परका, दुकान उघड्यावर, पण हात ब्राह्मणाचा! मुंबईत दादरला मामा काणे यांनी १९१० साली जे उपाहारगृह काढले त्याच्या नावात 'स्वच्छ' हा शब्द होता. त्या काळी या शब्दात झाडलोटीहून अधिक काही वाचले जात असावे असे मला वाटते. 'ब्राह्मण', 'हिंदू' अशा पाट्या तर सर्रास असत. तरीही या दुकानांचा उपकार नाकारता येणार नाही. १९२३ साली पुण्यात रविवारी चहासाठी जमणाऱ्या काही कवींनी आपल्या मंडळास गमतीने 'सन-टी क्लब' म्हटले, आणि त्यातूनच माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदींचे रविकिरण मंडळ झाले. मनोरमाबाई रानडे त्यात पुरुषांच्या बरोबरीने बसत. तीसेक वर्षांपूर्वी ज्या शहरात चहापायी चौकशी झाली, त्याच शहरात चहाच्या नावाने कविमंडळ निघाले!

हा वृत्तान्त येथेच थांबविला तर तो गोड होईल, पण खरा होणार नाही. माझे आजोबा तरुणपणी मुंबईस एका कचेरीत कारकून होते. गिरगावातल्या इराण्याकडे ते रोज चहा घेत, आणि म्हातारपणी त्याच्या आठवणी मोठ्या प्रेमाने सांगत. शेजारच्या खुर्चीवर गोदीतला हमाल बसला आहे की आपले हेडक्लार्क, याचा विचार म्हणून कधी मनात आला नाही असे म्हणत. निवृत्त झाल्यावर ते गावी राहू लागले. मी सात-आठ वर्षांचा असताना, म्हणजे १९७७-७८च्या सुमारास, मे महिन्यात तेथे गेलो होतो. मागच्या पडवीत खुंटीला कान तुटलेला एक पेला टांगलेला असे. लाकडे फोडण्यास जो गृहस्थ येई, तो काम संपल्यावर तो पेला स्वतः काढी, स्वतः विसळी, आणि अंगणात उकिडवा बसून पुढे करी. आजी वरून चहा ओती, पेल्याला भांडे लागणार नाही अशा बेताने. मी एकदा तो पेला खेळावयास घेतला, तेव्हा आजोबांनी माझ्या हातावर चापट मारली आणि मला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. इराण्याच्या गोष्टी त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितल्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुखातून आणि हातून घडल्या, हे मला उमगण्यास पुढे वीस वर्षे लागली.

मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. ते ढोंगी असते तर प्रश्न सोपा होता. मुंबईच्या दुकानाने त्यांची वागणूक बदलली होती, मन नव्हे. आणि वागणूक तर दुकानाचीच होती, ती ते दुकानातच ठेवून आले. म्हणूनच महाडास १९२७ साली डॉक्टर आंबेडकर यांनी ओंजळभर पाण्यासाठी जो संग्राम केला तो चहाच्या पेल्याने आपोआप जिंकला जाणार नव्हता. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ही नावे घेऊन प्रवेशाचा हक्क लिहावा लागला, आणि १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा करावा लागला. जगातल्या थोड्याच घटनांत चहापाण्याच्या दुकानाचा असा उल्लेख असेल. आमच्या सहाध्यापकांना सनदाच हव्या असतील तर ही घ्यावी.

आमच्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांचे गावच मागे राहिले त्यांना गावातली पडवी आणि खुंटी कोठून असणार? पुढे अंबरनाथला कारखान्यांमुळे आणि बदलापूरला स्वस्त घरांमुळे जी माणसे आली, तीही अशीच निरनिराळ्या गावांची. येथे कोणाचे कूळ कोणास ठाऊक नाही. पहाटेच्या गाडीपूर्वी स्थानकाबाहेर टपरीभोवती जी गर्दी असते ती पाहताना मला माथेरानचा पॉइंट आठवतो: किटली एक, वारा गार, आणि विचारण्यास वेळ नाही.

कात्रपच्या नव्या दुकानात मी गेल्या महिन्यात प्रथम गेलो. माझ्या वर्गातली एक मुलगी खिडकीशी एकटीच पुस्तक उघडून बसली होती. पडदा नव्हता, 'फॅमिली रूम' नव्हती, आणि मला पाहून ती दचकलीही नाही. तिनेच मला बसावयास खुर्ची दिली. इतके बरे वाटले की भावाची पाटी पाहूनही मी उठलो नाही. एका कॉफीच्या किमतीत बाहेरच्या टपरीवर दहा चहा झाले असते. पेले विसळणारा मुलगा आतल्या दाराशी उभा होता. या दुकानात त्याला जात विचारण्याची कोणास गरज नाही. पाटीवरचा आकडा त्याला बाहेर ठेवण्यास पुरेसा आहे.

गावचे घर आम्ही विकले तेव्हा सामान आवरण्यास मी गेलो होतो. तो कान तुटलेला पेला पडवीतल्या खुंटीवर तसाच होता. टाकून देववेना, म्हणून कात्रपला घेऊन आलो. घरातल्या कपबशांत तो ठेवता येत नाही, आणि निराळा ठेवावा तर पुन्हा तेच होते. सध्या तो वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटात, रमाबाईंच्या आठवणींच्या मागे ठेविला आहे.